प्रश्नमंजूषेचे खेळ आणि वर्गातील मूल्यमापन

अध्यापकाने शिकविले आणि विद्यार्थ्यांनी ऐकले, एवढ्याने शिकणे पूर्ण होत नाही. शिकविलेल्यापैकी किती उमगले, हे अध्यापकास वेळीच कळावे लागते. सत्राच्या अखेरीस होणारी परीक्षा ते सांगते खरे. परंतु तोपर्यंत पुढील पाठ होऊन गेलेले असतात. म्हणून मूल्यमापनाचे दोन प्रकार मानतात. शिकणे चालू असताना, ते सुधारावे यासाठी केलेले ते आकारिक मूल्यमापन; आणि शिकणे संपल्यावर, निकाल ठरविण्यासाठी केलेले ते संकलित मूल्यमापन होय. हा भेद तत्त्वज्ञ मायकेल स्क्रिव्हन यांनी १९६७ मध्ये अभ्यासक्रमांच्या संदर्भात मांडला. पुढे तो विद्यार्थ्यांच्या मूल्यमापनासही लागू झाला. इंटरनेटवरील प्रश्नमंजूषेचे खेळ यांपैकी पहिल्या प्रकारास कितपत उपयोगी पडतात, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

खेळाचे स्वरूप

नॉर्वेतील ट्रोनहाइम येथील विद्यापीठीय संशोधनातून निघालेला ‘कहूट’ हा खेळ २०१३ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. बंगळूरु येथे २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘क्विझिझ’ने २०२५ मध्ये ‘वेग्राउंड’ हे नाव घेतले. अशा खेळांत प्रश्न व त्याचे पर्याय पडद्यावर दिसतात, विद्यार्थी आपापल्या मोबाइलवर उत्तर निवडतात आणि कोणत्या पर्यायास किती जणांनी पसंती दिली, हे अध्यापकास तत्काळ समजते. चाळीस वह्या तपासून जे दुसऱ्या दिवशी कळावयाचे, ते येथे त्याच तासाला कळते. हाच या साधनाचा खरा लाभ होय.

गुणानुक्रम म्हणजे ज्ञानानुक्रम नव्हे

पडद्यावर झळकणारी विजेत्यांची यादी मात्र सावधपणे वाचली पाहिजे. कहूटच्या नेहमीच्या पद्धतीत बरोबर उत्तरास जास्तीत जास्त १००० गुण मिळतात, आणि उत्तरास जितका विलंब होईल तितके ते घटत घटत ५०० पर्यंत उतरतात. समजा, प्रत्येक प्रश्नास २० सेकंद आहेत. एका विद्यार्थिनीने ६ प्रश्नांची उत्तरे प्रत्येकी ४ सेकंदांत बरोबर दिली. तिला प्रत्येकी ९०० प्रमाणे ५४०० गुण मिळाले. दुसरीने विचारपूर्वक, प्रत्येकी १६ सेकंद घेऊन, ८ उत्तरे बरोबर दिली. तिला प्रत्येकी ६०० प्रमाणे ४८०० गुण मिळाले. अधिक जाणणारी मागे पडली! यादीवरून जो अध्यापक निष्कर्ष काढील, तो ज्ञान न मोजता चपळाई मोजील. म्हणून वेळेची मर्यादा सैल ठेवावी आणि हे गुण प्रगतिपुस्तकात कधीही उतरवू नयेत.

अंदाजाचा भाग

चार पर्यायांपैकी एक डोळे मिटून निवडला, तरी चारांत एकदा तो बरोबर येण्याचा संभव असतो. ४० जणांच्या वर्गात २५ उत्तरे बरोबर आली, तर २५ जणांना विषय समजला असे म्हणता येत नाही. २० जणांना उत्तर ठाऊक असेल आणि उरलेल्या २० जणांनी केवळ अंदाज केला असेल, तर त्यांतील सरासरी ५ जणांचे उत्तर बरोबर येईल. म्हणजे एकूण २५ च!

चुकीचे पर्याय काय सांगतात

चांगल्या प्रश्नात चुकीचा पर्यायही बोलका असतो. ‘सर्वांत मोठी संख्या कोणती: ०.६, ०.१२५ की ०.०९?’ हा प्रश्न घ्या. ०.१२५ निवडणारा दशांश चिन्हापुढील अंकांस पूर्ण संख्या समजून १२५ ही ६ पेक्षा मोठी मानतो. ०.०९ निवडणारा ९ हा अंक पाहतो, त्याचे स्थान पाहत नाही. दोघेही चुकले, परंतु दोघांस द्यावयाची शिकवण वेगळी आहे. अर्धा वर्ग ०.१२५ कडे वळला असेल, तर खेळ तेथेच थांबवावा. शेजाऱ्यांना आपापसांत कारणे सांगू द्यावीत आणि मग तोच प्रश्न पुन्हा विचारावा.

आठवण्याचे महत्त्व

हेन्री रोडिगर व जेफ्री कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. उतारा एकदा वाचून झाल्यावर काही विद्यार्थ्यांनी तो पुन्हा वाचला, तर काहींनी तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनंतर पुन्हा वाचणारे किंचित पुढे होते. आठवड्यानंतर मात्र त्यांना सुमारे ४२ टक्के, तर आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के मजकूर स्मरला. येथे विद्यार्थ्यांसमोर पर्याय नव्हते, हे ध्यानात ठेवावे. यास्तव प्रथम केवळ प्रश्न वाचून दाखवावा, विद्यार्थ्यांस वहीत उत्तर लिहू द्यावे आणि नंतरच पर्याय उघडावेत. याने आठवण्याचा सराव घडतो व अंदाजासही आळा बसतो.

साधने अपुरी असतील तर

प्रत्येक विद्यार्थ्याजवळ मोबाइल असेलच असे नाही; आणि ज्याच्याजवळ नाही त्यास वगळून केलेले मूल्यमापन वर्गाचे मूल्यमापन ठरत नाही. ‘प्लिकर्स’ या पद्धतीत प्रत्येकास कागदावर छापलेले एक चिन्हपत्र मिळते. ते चार दिशांनी फिरवून चार पर्यायांपैकी एक दाखविता येतो आणि अध्यापक आपल्या एकाच मोबाइलच्या कॅमेऱ्याने सर्वांची उत्तरे टिपतो. तेही नसेल, तर पाटीवर लिहून एकाच वेळी उंच धरलेले उत्तर पुरेसे होते. खेळ कोणताही असो, उत्तरे पाहिल्यावर अध्यापकाने आपला पुढील पाठ बदलला, तरच मूल्यमापन झाले असे म्हणावे.

स्वाध्याय

१. चार पर्यायांच्या प्रश्नास ४० पैकी २८ जणांनी बरोबर उत्तर दिले. न जाणणाऱ्या सर्वांनी अंदाज केला असे धरून, किती जणांस उत्तर ठाऊक असावे? (उत्तर: २४)

२. आपल्या विषयातील एक प्रश्न असा रचा की, त्याच्या प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे एक ठराविक गैरसमज असेल.