जुना ट्रॅक्टर घेतांना

गेल्या रब्बीपूर्वीं आम्हीं एक जुना ट्रॅक्टर घेतला. रंग ताजा, इंजिनाचें तेल स्वच्छ; आम्हांस समाधान वाटलें. परंतु पहिल्याच नांगरटीस रेडिएटरांतील पाणी वारंवार कमी होऊं लागलें. तेल काढून पाहतों तों तें दुधासारखें! हेड गॅस्केट जळून पाणी तेलांत उतरत होतें, व तो दोष झांकण्याकरितांच तेल नवें घातलें होतें. दुरुस्ती होईतों वाफसा निघून गेला.

सबब शेतकरी बंधूंनीं पुढील परीक्षा अवश्य करावी :

(१) इंजिन थंड असतांनाच सुरू करण्यास सांगावें. आधींच तापविलेलें असल्यास संशय धरावा.

(२) त्याच वेळीं रेडिएटरचें झांकण काढून पाण्यावर तेलाचा तवंग आहे काय, तें पाहावें.

(३) शेतांत तासभर नांगर ओढवावा. सतत निळा धूर आल्यास तेल जळत आहे, रिंगा अगर लायनर झिजले आहेत, असें समजावें.

(४) नांगर उचलून इंजिन बंद करावें. नांगर झरझर खालीं बसल्यास लिफ्टमध्यें गळती आहे.

(५) नोंदणी-पुस्तकावर बँकेचा बोजा असल्यास बँकेच्या सहीचा फॉर्म ३५ हातीं आल्यावांचून पुरी रक्कम देऊं नये.

बैल घेतांना आपण दांत पाहतों, जुंपून पाहतों. ट्रॅक्टरासही तोच न्याय लावावा.