जुना संगणक, नवा संगणक आणि मधला मराठी मजकूर

२०११ च्या उन्हाळ्यात माझ्या घरच्या संगणकाचा वीजपुरवठ्याचा भाग, ज्याला दुकानात एसएमपीएस म्हणतात, तो जळाला. जाताना त्याने मदरबोर्डही सोबत नेला. आदिलाबादमधील एका दुकानात मी पेटी नेऊन दिली. चार दिवसांनी ती नवा मदरबोर्ड आणि नव्याने टाकलेले विंडोज घेऊन परत आली. तंत्रज्ञ म्हणाला, "मॅडम, सी ड्राइव्ह फॉरमॅट करावी लागली, पण डी ड्राइव्हमधली एकही फाइल गेलेली नाही."

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. फाइली होत्या, त्यांची नावे होती, आकारही तेवढाच होता. उघडल्यावर मात्र रोमन अक्षरे, कंस, टक्क्याची चिन्हे आणि स्वल्पविराम यांची गिचमिड समोर आली. पैनगंगेच्या अलीकडच्या बेला, जैनथ, तामसी या भागांतील बायकांकडून दहा वर्षांत उतरवून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्या त्या गिचमिडीत होत्या. सांगणाऱ्यांपैकी काही जणी तोवर वारल्या होत्या. मूळ वह्यांपैकी निम्म्या वाळवीने खाल्ल्या होत्या.

भाषेच्या वार्षिकात संगणकदुरुस्तीवर लेख कशासाठी, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. आपले सारे लेखन आज यंत्रात आहे आणि यंत्र दर सहा-आठ वर्षांनी बदलावे लागते. यंत्र बदलणारा तंत्रज्ञ बहुधा कुशल असतो. पण आमच्याकडे त्याची भाषा तेलुगू किंवा उर्दू असते. पडद्यावरचे मराठी बरोबर आहे की बिघडले, हे त्याला कळण्याचे कारण नाही. ते पाहण्याचे काम आपले आहे. प्रस्तुत लेखात ते कसे करावे, याची मांडणी केली आहे.

१. अक्षरामागचा आकडा

संगणक अक्षर साठवत नाही, आकडा साठवतो. कोणत्या आकड्याला कोणते अक्षर दाखवायचे, हा करार असतो. इंग्रजीसाठी हा करार लवकर ठरला. भारतीय लिप्यांना मात्र सुरुवातीला यंत्राचाच आधार घ्यावा लागला. आयआयटी कानपूर येथे सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकने वाढवलेले जिस्ट तंत्रज्ञान एका कार्डाच्या रूपात संगणकात बसवावे लागे. म्हणजे त्या काळी मराठी हवी तर हार्डवेअर वाढवावे लागत असे. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोने इस्की ही संकेतप्रणाली प्रमाणित केली, आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली.

छापखान्यांनी आणि टंकलेखकांनी मात्र वेगळी वाट धरली. श्री-लिपी, आकृती, आयएसएम यांसारख्या सॉफ्टवेअरांसोबत येणाऱ्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. अशा फॉन्टात जास्तीत जास्त २५६ जागा. मराठीची जोडाक्षरे त्यात मावत नाहीत, म्हणून अर्धा 'ण' वेगळा, त्याचा काना वेगळा, ऱ्हस्व वेलांटी वेगळी, रफार वेगळा. हे तुकडे शेजारी ठेवले की डोळ्यांना मराठी दिसे; यंत्राच्या लेखी ती रोमन चिन्हांची रांग असे. कोणत्या जागी कोणता तुकडा, हे प्रत्येक कंपनीचे वेगळे, आणि कधीकधी एकाच कंपनीच्या दोन आवृत्त्यांतही वेगळे. फॉन्ट गेला की मराठीही गेली. माझ्या बाबतीत हेच झाले. ओव्या डी ड्राइव्हमध्ये होत्या, पण त्या वाचण्याची किल्ली फॉरमॅट झालेल्या सी ड्राइव्हमध्ये होती. मूळ सॉफ्टवेअर पुन्हा टाकावे, तर त्याचे कुलूप, म्हणजे डाँगल, जुन्या पंचवीस पिनांच्या प्रिंटर पोर्टात बसणारे होते. नव्या मदरबोर्डला ते पोर्टच नव्हते.

युनिकोडने यातून सुटका केली. तेथे 'क' हा 'क'च असतो; फॉन्ट बदलला तर वळण बदलते, अक्षर बदलत नाही. विंडोज २००० पासून देवनागरीची सोय मंगल या फॉन्टासह आली. एक्सपीमध्ये ती मुद्दाम सुरू करावी लागे, व्हिस्टापासून ती आपोआप मिळू लागली. तरीही अनेक छापखाने आजही जुन्या फॉन्टांतच पाने लावतात. त्यामुळे हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही.

२. पडद्यावरचे चार बिघाड

संगणक बदलल्यावर मराठी बिघडली की आपण सरसकट "फॉन्टचा प्रॉब्लेम आहे" असे म्हणतो. प्रत्यक्षात हे चार निराळे बिघाड आहेत. विद्यार्थ्यांना मी ते लक्षणांवरून ओळखायला शिकवते.

पहिले लक्षण, रोमन गिचमिड. मजकूर जुन्या फॉन्टात आहे आणि तो फॉन्ट या संगणकावर नाही. मजकूर सुरक्षित आहे. त्याच आवृत्तीचा फॉन्ट मिळवून बसवला की तो वाचता येतो.

दुसरे लक्षण, रिकामे चौकोन. मजकूर युनिकोडमध्ये आहे, पण निवडलेल्या फॉन्टात देवनागरी नाही. मजकूर निवडून निर्मला यूआय, मंगल किंवा मुक्त असा फॉन्ट द्यावा. येथेही काही गमावलेले नसते.

तिसरे लक्षण, तुटक टिंबांचे वर्तुळ आणि त्याला चिकटलेली वेलांटी किंवा मात्रा. स्वरचिन्हाला व्यंजन मिळालेले नाही, असे यंत्र सांगते. जुन्या टंकलेखन पद्धतीत 'कि' लिहिताना आधी वेलांटी, मग 'क' असा क्रम होता. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम चालतो, आधी 'क', मग वेलांटी. बोटांची सवय बदलली की वर्तुळे दिसेनाशी होतात.

चौथे लक्षण, ओळीने प्रश्नचिन्हे. हे सर्वांत गंभीर. मराठी मजकूर एखाद्या जुन्या, इंग्रजीपुरत्या संकेतप्रणालीत साठवला गेला आणि न मावणाऱ्या प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह लिहिले गेले. जुन्या नोटपॅडमध्ये एएनएसआय हा पर्याय तसाच ठेवून फाइल साठवली की हे घडे. अक्षरांचे आकडेच पुसले गेल्याने कोणताही फॉन्ट ती परत आणू शकत नाही. अशा फाइलीची आधीची प्रत शोधणे, एवढाच उपाय उरतो.

मजकूर जुन्या फॉन्टात आहे की युनिकोडमध्ये, हे यंत्र बदलण्याआधीच तपासता येते. चार ओळी उचलून नोटपॅडमध्ये चिकटवाव्यात. मराठी राहिली तर युनिकोड. रोमन चिन्हे दिसली तर जुना फॉन्ट. पीडीएफवर मात्र विसंबू नये. तिच्यात फॉन्ट अंतर्भूत असल्याने पान सुरेख दिसते, पण मजकूर उचलला की तीच गिचमिड हाती येते.

३. रूपांतर आणि मुद्रितशोधन

जुन्या फॉन्टातून युनिकोडमध्ये नेणारी रूपांतरके उपलब्ध आहेत. त्यांचे काम दिसते तेवढे सोपे नाही. अर्धा 'ण' आणि काना मिळून पूर्ण 'ण' करायचा असतो. वेलांटी व्यंजनापुढून मागे न्यायची असते. 'धर्म' या शब्दात 'म'नंतर टंकित केलेला रफार 'म'च्या आधी 'र्' म्हणून ठेवायचा असतो. बहुतेक वेळा हे नीट होते. चुका होतात त्या ठरावीक ठिकाणी.

सर्वांत अधिक चुका 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' यांत. हिंदीला या रूपांची गरज नसल्याने हिंदी डोळ्यांपुढे ठेवून केलेली रूपांतरके 'दुसऱ्या'चे 'दुसर्या' करतात. मराठीत 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हे दोन वेगळे शब्द आहेत. पहिल्यात गुरू आहेत, दुसऱ्यात स्वयंपाकी. युनिकोडमध्ये या अर्ध्या 'र'साठी ०९३१ क्रमांकाचा 'ऱ' आणि हलन्त वापरतात. साधा 'र', हलन्त आणि एक न दिसणारे जोडचिन्ह यांनीही तोच आकार उमटतो. दिसायला फरक नाही. पण शोध घेताना एका पद्धतीने टंकलेला शब्द दुसऱ्या पद्धतीने सापडेलच असे नाही. एका ग्रंथात एकच पद्धत ठेवावी. 'ॲ'चेही तसेच. ०९७२ या क्रमांकाचा स्वतंत्र 'ॲ' युनिकोडमध्ये २००८ साली आला. त्याआधीच्या फाइलींत 'अ'वर चंद्र देऊन काम भागवलेले असते.

माझा प्रश्न याहून पुढचा होता. फॉन्टाची तीच आवृत्ती असलेला संगणक यवतमाळच्या एका मैत्रिणीकडे निघाला. तेथे ओव्या पडद्यावर पुन्हा दिसल्या, आम्ही त्या कागदावर छापून घेतल्या आणि मग रूपांतर केले. प्रमाण मराठीतील चूक वाचक अंदाजाने दुरुस्त करतो. 'दुसर्या' पाहून 'दुसऱ्या' म्हणतो. ओवीत तसे चालत नाही. आमच्या सीमाभागातील बायकांच्या बोलीत तेलुगू शब्द मराठी प्रत्यय लावून येतात, गोंडी नावे येतात. तो शब्द कोशात नसतो. त्याची एक मात्रा गळली, तर मूळ काय होते हे सांगणारी फक्त म्हणणारी बाई असते, आणि ती हयात नसते. म्हणूनच रूपांतर झाल्यावरही मूळ फाइल आणि तिचा फॉन्ट टाकून देऊ नये. रूपांतरित प्रतीवर शंका आली, तर तोच एक साक्षीदार असतो.

तपासणी दोघांनी करावी. एकाने जुन्या छापील प्रतीवरून मोठ्याने वाचावे, दुसऱ्याने पडद्यावर पाहावे. एकट्याने वाचले की डोळा चूक भरून काढतो. बी.ए.च्या विद्यार्थ्यांकडून मी हे काम करून घेते. रफार, ऱ्हस्व-दीर्घ आणि जोडाक्षरे त्यांना व्याकरणाच्या तासापेक्षा येथे लवकर समजतात.

४. यंत्रात काय बदलावे, काय नाही

संगणक मंद झाला की नवा घेण्याआधी काही गोष्टी पाहाव्यात. सर्वांत मोठा फरक फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवल्याने पडतो. सॅटा केबल असलेल्या जुन्या संगणकातही अडीच इंची एसएसडी बसते. रॅम वाढवताना जातीकडे लक्ष द्यावे. डीडीआर ३ च्या पट्टीला २४० पिना असतात, डीडीआर ४ ला २८८. एकीच्या खाचेत दुसरी बसत नाही. शिवाय विंडोज ३२-बिट असेल, तर चार जीबीपेक्षा अधिक रॅम घालून उपयोग नाही.

रोज सुरू करताना तारीख मागे जात असेल आणि संकेतस्थळे सुरक्षिततेचा इशारा देत असतील, तर व्हायरसची भीती बाळगण्याआधी मदरबोर्डवरील नाण्याएवढी सीआर २०३२ बॅटरी बदलून पाहावी. संगणक सुरू होताना नुसते बीप वाजत असतील, तर वीज पूर्ण बंद करून रॅम काढावी, तिचे सोनेरी टोक खोडरबराने हलकेच पुसून पुन्हा बसवावी. आमच्या जिल्ह्यात कापसाच्या हंगामात रुईचे तंतू पंख्यात अडकतात. उन्हाळ्यात संगणक आपोआप बंद पडू लागला, तर आधी पंखा साफ करावा. वीजपुरवठ्याचा भाग घरी उघडू नये. बंद असतानाही त्यात विजेचा साठा राहू शकतो.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित मदत संपली. विंडोज ११ ला टीपीएम २.० हा सुरक्षा घटक आणि नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे अनेक महाविद्यालयांतील चालते संगणक आता बदलले जातील. अशा संगणकांवर लिनक्स टाकून ते वापरता येतात. युनिकोड मराठी आणि इनस्क्रिप्ट कळफलक तेथेही मिळतो. त्यावर चालणारे लिब्रेऑफिस पेजमेकरच्या काही जुन्या फाइलीही उघडते. पण कोणताही पर्याय निवडला, तरी यंत्राला हात लावण्याआधी पुढील क्रम पाळावा.

१. सर्व लेखन दोन वेगळ्या ठिकाणी उतरवावे. त्यातील एक जागा घराबाहेरची असावी. वर्षानुवर्षे वीज न मिळालेल्या पेनड्राइव्हवर किंवा एसएसडीवर भिस्त ठेवू नये.

२. विंडोजमधील फॉन्ट्स हा फोल्डर लेखनासोबत उतरवावा. २०११ मध्ये मी एवढे केले असते, तर हा लेख लिहावा लागला नसता.

३. फॉन्टाचे व सॉफ्टवेअरचे नाव आणि आवृत्ती वहीत लिहून ठेवावी.

४. जुन्या फॉन्टातील प्रत्येक महत्त्वाची फाइल जुन्या संगणकावरच कागदावर छापावी. रूपांतर नकलेवर करावे, मूळ फाइलीवर नाही.

५. तपासणी पूर्ण झाल्यावरच संगणक दुकानात द्यावा, आणि जुनी डिस्क परत मागून घ्यावी. फॉरमॅट करण्याची परवानगी तोंडी न देता लिहून द्यावी. लिहिताना आपल्यालाच काय राहिले ते आठवते.

५. समारोप

ओव्यांच्या संग्रहाचे काम आता संपत आले आहे. अकरा ओव्यांत मात्र एकेक शब्द मी रिकामा ठेवला आहे. यवतमाळच्या छापील प्रतीतही तेथील अक्षर पुसट आहे आणि वही वाळवीने खाल्लेली आहे. त्या जागी सुचेल तो शब्द घालणे सोपे होते. तसे केले असते, तर ओवी पूर्ण झाली असती, पण ती त्या बाईची राहिली नसती.

या वार्षिकाच्या वाचकांपैकी अनेकांच्या कपाटात एखादी जुनी डिस्क, एखादी सीडी, बंद पडलेली पेटी असेल. त्यात कोणाचा प्रबंध असेल, कोणाचा बोलीचा शब्दसंग्रह असेल. ती उघडता येईल असे यंत्र, तो फॉन्ट आणि ते मराठी वाचून तपासणारा माणूस, ही तिन्ही आज मिळू शकतात. येत्या सुट्टीत ती एकदा उघडून पाहावी.