साउंड कार्डाआधी अर्थिंग

अमरावती-अकोल्याकडे डेस्कटॉपसाठी वेगळे साउंड कार्ड घेण्याचा विचार आजकाल बहुधा जुन्या कॅसेटींमुळे सुरू होतो. गुरुकुंज मोझरीच्या परंपरेतील खंजिरी भजने, गावोगावच्या भजनी मंडळांचे कार्यक्रम, रेडिओवरून उतरवून घेतलेली गाणी असा ऐवज अनेक घरांत पेटीत पडून असतो. तो संगणकात घेताना घरघर आली की दोष मदरबोर्डावरील ध्वनिव्यवस्थेच्या माथी मारला जातो आणि कार्ड आणले जाते. कार्ड बसते, घरघर मात्र पुष्कळदा तशीच राहते.

1989 मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचे साउंड ब्लास्टर आले, त्या काळी कार्डाविना संगणक बीप करण्यापलीकडे फारसा बोलत नसे. 2004 मध्ये इंटेलने जाहीर केलेल्या हाय डेफिनिशन ऑडिओ या मानकानंतर ती स्थिती उरली नाही. 16 बिटच्या मुद्रणात सर्वांत मोठ्या आणि सर्वांत बारीक आवाजातील अंतर सुमारे 96 डेसिबलपर्यंत धरता येते, तर साध्या कॅसेटची मजल त्याच्या कितीतरी अलीकडे संपते. त्यामुळे खोक्यावर छापलेल्या मोठ्या आकड्यांसाठी कॅसेटवाल्याने जादा पैसे मोजणे म्हणजे उधळपट्टीच होय. त्याने पाहावयाचे ते लाइन-इन, म्हणजे टेपसारख्या यंत्राचा तयार संकेत घेणारे, बहुधा फिकट निळे छिद्र. गुलाबी छिद्र माइकचे असते आणि ते क्षीण संकेत अनेक पटींनी वाढवते. टेपची वायर त्यात खुपसली तर आवाज फाटतो, आणि एकदा फाटलेला आवाज नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने धड सांधला जात नाही.

घरघरीचे मूळ अनेकदा भिंतीतील सॉकेटमागे असते. संगणकाच्या वीजपुरवठा-पेटीत, म्हणजे एसएमपीएसमध्ये, विजेतील खरखर गाळणारे जे कपॅसिटर असतात त्यांची वाट अर्थिंगकडे जाते. अर्थिंग नसेल, तर कॅबिनेटचा पत्रा मुख्य दाबाच्या जवळजवळ निम्म्या, म्हणजे सुमारे 115 व्होल्ट दाबावर राहतो. त्यातून वाहणारा प्रवाह सामान्यतः अत्यल्प असला, तरी अनवाणी माणसाला पत्र्याला हात लावताच झिणझिण्या येतात आणि तोच प्रवाह ऑडिओ वायरीवाटे टेपकडे वळला की 50 हर्ट्झची गुणगुण मुद्रणात उतरते. वऱ्हाडातील काळी जमीन मे महिन्यात भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्यातील ओल हटते आणि त्याचा रोध वाढतो. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, जिथे जमीन व पाणी क्षारयुक्त आहे, पुरलेला लोखंडी पाइप लवकर गंजतो. पावसाळ्यात स्वच्छ असणारा आवाज उन्हाळ्यात गुणगुणू लागला, तर कार्डाचे दुकान गाठण्याआधी वीजतंत्र्याला बोलावणे शहाणपणाचे.

याच्या उलट प्रकारही घडतो. संगणक आणि अॅम्प्लिफायर वेगवेगळ्या वाटांनी जमिनीशी जोडलेले असले किंवा अॅम्प्लिफायरला केबल टीव्हीची वायर लागलेली असली, तर त्या दोन वाटांचे वेटोळे तयार होऊन गुणगुण येते. अशा वेळी प्लगची वरची जाड पिन काढून टाकण्याचा सल्ला हमखास मिळतो आणि तो जिवावर बेतू शकतो, कारण पत्र्यात बिघाडाचा प्रवाह उतरलाच तर त्याला जाण्याचा सुरक्षित मार्ग तीच पिन देते. ऑडिओ वायरीत छोटा विलगक ट्रान्सफॉर्मर घालणे हा निर्धोक उपाय आहे. निदान सोपे आहे: टेप व अॅम्प्लिफायर सोडवून केवळ हेडफोनवर ऐकावे, तरीही खरखर येत असेल आणि माउस हलवताच ती बदलत असेल, तरच संशयाची सुई मदरबोर्डाकडे वळते आणि कार्डाचा खर्च सार्थकी लागतो.

कार्ड घेताना स्लॉट आधी पाहावा. जुनी पीसीआय कार्डे स्वस्तात मिळतात, पण नव्या मदरबोर्डांवर तो स्लॉट सहसा नसतो आणि अनेक जुन्या कार्डांना आजच्या 64 बिट विंडोजसाठी ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर, मिळत नाही. पीसीआय एक्सप्रेसचे आखूड कार्ड त्याच जातीच्या लांब स्लॉटमध्येही चालते. अरुंद कॅबिनेटला मात्र अर्ध्या उंचीची पट्टी लागते. काही कार्डांना एसएमपीएसची स्वतंत्र वायर जोडावी लागते, हेही आधीच विचारून घ्यावे.

बसवताना प्लग पूर्ण काढावा, पॉवरचे बटण काही क्षण दाबून उरलेली वीज उतरवावी आणि पत्र्याला स्पर्श करून अंगावरील स्थिर वीज घालवावी. कोरड्या उन्हाळ्यात ही काळजी अधिकच हवी. वापरलेल्या कार्डाचे सोनेरी दात मळलेले असतील, तर कारागीर ते खोडरबराने हलके घासतात. त्याचा चुरा मात्र स्लॉटमध्ये पडू देऊ नये. कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर येत असेल, तर धूळ आणि ओल एकदमच आत जातात, म्हणून जागा बदलणे बरे.

मुद्रणाची पातळी ठरवताना गायकाच्या आवाजावर विसंबू नये. भजनात खंजिरीची थाप क्षणभरच उसळते, पण तेवढ्यात मापक शून्याला टेकतो आणि तिचा माथा कापला जातो. भजन रंगात आलेला भाग आधी वाजवून पाहावा आणि तेथील सर्वांत जोरकस थाप उणे 6 डेसिबलच्या आसपास राहील, अशी पातळी लावून मगच कॅसेट मागे गुंडाळून मुद्रण सुरू करावे.