आधी बसून हिशेब करा : लाकडी ओट्याचे मोजमाप



लूककृत शुभवर्तमानाच्या 14व्या अध्यायात प्रभू येशू बुरूज बांधू पाहणाऱ्या माणसाविषयी बोलतो. पाया घातल्यावर पैसे संपले तर बघणारे हसतील, म्हणून त्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा. हे वचन मी पदविकेच्या वर्गात शिकलो, त्यावर प्रवचनेही दिली. त्याचा अर्थ मात्र सातपुड्यातल्या एका पाड्यावर, अर्धवट ओट्यासमोर उभा असताना कळला.

तेथे मुलांच्या अभ्यासवर्गाच्या खोलीपुढे उतार आहे. पावसाळ्यात दारातच चिखल होई. वाळू-सिमेंट शेवटच्या चढावर डोक्यावरून न्यावे लागले असते, म्हणून खांबांवर फळ्यांचा ओटा करायचे ठरले. शहरात यालाच डेक म्हणतात. पाणी खालून वाहून जाते आणि मुले वर कोरडी बसतात.

ओटा 20 फूट लांब, 12 फूट रुंद. एका पुस्तकात कड्यांमधले अंतर 16 इंच दिले होते. 20 फूट म्हणजे 240 इंच. भागिले 16, आले 15. मी 15 कड्या आणल्या. सुतारकाकांनी विचारले, “दादा, फळीचा सांधा कुठे येतो?” मी कागदाकडे पाहून म्हणालो, “काका, लांबी बरोबर बसते.”

बसली नाही. शेवटची कडी कमी पडली आणि 10 फुटी फळ्यांचे सांधे दोन कड्यांच्या मधोमध, अधांतरी आले. जास्तीचे लाकूड येण्याआधी पाऊस लागला. तीन आठवडे काम तसेच पडून राहिले. दुसरीतल्या एका मुलीचा पाय सैल फळीतून खाली गेला आणि पोटरी सोलली. मजुरी बुडवून श्रमदानाला आलेल्या अकरा जणांना पुन्हा बोलवावे लागले. चूक माझी होती, भरपाई त्यांनी केली. म्हणून हा धडा आकड्यांसह देत आहे.

1. आधी चित्र, मग आकडे

आपल्या जुन्या घरांतला कडीपाट आठवा. तीच रचना येथे जमिनीलगत आहे : खाली खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, कड्यांवर फळ्या. कागदावर चौकोन काढून प्रत्येक सांधा कशावर टेकतो ते दाखवा. जो सांधा कशावरच टेकत नाही, त्यावर लाल खूण करा.

2. फळीच्या लांबीवरून कड्यांचे अंतर

वखारीत 10 फुटी फळ्या मिळत असतील, तर सांधा 120 इंचांवर येणार. 120 ला 16 ने पूर्ण भाग जात नाही, 15 ने जातो. म्हणून कड्या 15 इंचांवर घ्या. 240 भागिले 15 म्हणजे 16 गाळे. पण कड्या 17! कुंपणाला दोन खांबांत एक गाळा असतो. गाळ्यांपेक्षा खांब नेहमी एकाने जास्त. माझी पहिली चूक हीच होती.

सगळे सांधे एका रेषेत ठेवू नका. एका ओळीत 10 आणि 10 फूट, पुढच्या ओळीत 5, 10 आणि 5 फूट अशा फळ्या लावा. 5 फूट म्हणजे 60 इंच, तेथेही कडी येतेच.

3. फळ्या

फळी 6 इंच रुंद, सव्वा इंच जाड. पाणी निथळण्यासाठी दोन फळ्यांत पाव इंच फट. 12 फूट म्हणजे 144 इंच. भागिले सव्वासहा, आल्या 23 ओळी. प्रत्येक ओळीला 10 फुटी 2 फळ्या, म्हणजे 46. गाठी, चिरा आणि कापण्यातली घट यांसाठी दहा टक्के जास्त धरा : एकूण 51.

4. तुळया आणि खांब

कड्या 12 फुटी. त्यांना दर 4 फुटांवर आधार द्यायचा, म्हणजे तुळयांच्या ओळी 4. प्रत्येक ओळ 10 फुटी दोन तुकड्यांची, एकूण 8 तुकडे. दर 5 फुटांवर खांब, म्हणजे ओळीला 5, एकूण 20. उतारावर प्रत्येक खांबाची उंची वेगळी येते. पाण्याच्या नळीने पातळी घेऊन एकेक मोजा. खांब मातीत पुरू नका, सपाट दगडावर किंवा सिमेंटच्या ठोकळ्यावर उभे करा. नाहीतर वाळवीला रस्ता मिळतो.

5. घनफूट

लाकूड घनफुटावर विकले जाते. फुटांतली लांबी गुणिले इंचांतली रुंदी गुणिले इंचांतली जाडी, भागिले 144.

- फळ्या 51 : सुमारे 26.5 घनफूट
- कड्या (3 बाय 4 इंच) 17 आणि जादा 1 : 18 घनफूट
- तुळया (4 बाय 6 इंच) 8 : सुमारे 13.3 घनफूट
- खांब (4 बाय 4 इंच, सरासरी 2 फूट) 20 : सुमारे 4.5 घनफूट

एकूण साधारण साडेबासष्ट घनफूट. हा आकडा घेऊन वखारीत गेलात, तर भाव नीट विचारता येतो.

6. स्क्रू

फळी कडीला जेथे भेटते तेथे दोन स्क्रू : 23 गुणिले 17 गुणिले 2 म्हणजे 782. एकूण सांधे 34, प्रत्येकी दोन जास्त, म्हणजे 68. मिळून 850, पडझड धरून 900 घ्या. अडीच इंची, जस्ताचा मुलामा दिलेले घ्या. फळी चिरू नये म्हणून आधी गिरमिटाने भोक पाडा.

7. पावती जपा

2006 च्या वनहक्क कायद्यातील गौण वनोपजात बांबू येतो, इमारती लाकूड येत नाही. “जंगल आपलेच आहे” म्हणून कोणी झाड तोडले, तर खटला त्या गरिबावर होतो. लाकूड वखारीतूनच घ्या. पावती आणि वाहतुकीचा परवाना गाडीत ठेवा, नंतर संस्थेच्या फाइलीत लावा.

गटासाठी अभ्यास

15 फूट लांब, 8 फूट रुंद ओटा आणि 10 फुटी फळ्या घ्या. कड्या किती? उत्तर 13 आले नाही, तर दुसरा मुद्दा पुन्हा वाचा. मग फळ्या आणि स्क्रू काढा. हिशेब करताना गावातल्या सुताराला शेजारी बसवा आणि त्याने प्रश्न विचारला, तर पेन खाली ठेवून ऐका.

आमचा ओटा आता पूर्ण आहे. पाय सोलला होता ती मुलगी तेथेच बसून पाढे म्हणते. पंधराचा पाढा तिचा माझ्यापेक्षा पक्का आहे.