टिप कोणाच्या हातात पडते?

मालदीवला डायव्हिंगच्या सफारी बोटीवर निघालेले लोक मला माशांविषयी विचारतात, करंटविषयी विचारतात, कॅमेऱ्याविषयी तर तासभर विचारतात. टिपचा प्रश्न मात्र विमानतळावर, चेक-इनच्या रांगेत, आवाज खाली आणून येतो : "किती द्यायची रे साधारण?" तोवर उशीर झालेला असतो. खिशात सगळ्या शंभर डॉलरच्या नोटा असतात आणि बुकिंग करताना लेखी विचारायचा प्रश्न राहून गेलेला असतो. टिप पॅकेजमध्ये धरली असेल, तर ती बोटीवर कोण, कोणाला आणि किती देणार?

हा प्रश्न मला सुचला तो आमच्या एका सफारीनंतर. आम्ही पुण्या-ठाण्याकडचे दहाजण, आयोजकही मराठीच. दर "टिप्ससकट". सहल कंपन्यांनी आपल्याला ही सवय लावून ठेवली आहे आणि ती सोयीची आहे हे खरंच. परदेशात प्रत्येक ठिकाणी पाकीट उघडायचा ताप नको असतो. हिशेबाच्या कागदावर "टिप" म्हणून माणशी बारा हजार वेगळे दाखवलेले होते. दहा जणांचे एक लाख वीस हजार. कुणालाच वावगं वाटलं नाही.

बोट उत्तम होती. अरी आणि वावू अटॉलमधले डाइव्ह, जेवण, माणसं, सगळं छान. सफारी बोटीचा शेवटचा दिवस कोरडाच जातो. लागोपाठ बरेच दिवस डाइव्ह केल्यावर विमानात बसण्याआधी किमान १८ तास पाण्याबाहेर राहायचं असतं, नाहीतर शरीरात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होण्याचा धोका. मग लोक सामान वाळत घालतात, फोटोंची देवाणघेवाण करतात, आणि संध्याकाळी जेवणघरात टिपची पेटी ठेवली जाते. आमच्याबरोबरच्या युरोपियन पाहुण्यांनी आपापली पाकिटं टाकली. आम्ही पेटीजवळून हसत पुढे गेलो. आमचं आधीच दिलेलं होतं ना!

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्यातल्या एका काकांनी सिलिंडर भरणारा कॉम्प्रेसर सांभाळणाऱ्या मुलाला सहज विचारलं, "भाई, टिप मिल गया ना सबको?" मुलगा बांगलादेशचा, हिंदी बऱ्यापैकी बोलणारा. तो जरा घुटमळला आणि म्हणाला, "गाइड लोगों को मिला, साहब." एवढंच. तक्रारीचा सूर नव्हता, म्हणून तर जास्त लागलं. आयोजकाला गाठलं तेव्हा तो आधी म्हणाला की मुख्य गाइडकडे दिले आहेत, तो वाटेल. मग म्हणाला की उरलेले परत गेल्यावर बोटीच्या ऑफिसला पाठवायचे आहेत. एक लाख वीस हजारांतले किती बोटीवर उतरले, याचा हिशेब त्याने शेवटपर्यंत दिला नाही. आम्ही खिसे चाचपून निघाले तेवढे डॉलर पेटीत टाकले आणि उतरलो. चालक, स्वयंपाकी, खोल्या आवरणारा, सोबतच्या छोट्या बोटीवरची पोरं, सगळ्यांच्या तोंडाला पानंच पुसली गेली.

गाइडना मिळाले यात वाईट काही नाही. पण गाइड आपल्याशी इंग्रजीत बोलतो, नकाशा काढून ब्रीफिंग देतो, पाण्याखाली बोट दाखवून शार्क दाखवतो. त्याचं काम दिसतं. बाकीच्यांचं दिसत नाही. मालदीवच्या सफारीत मोठ्या बोटीबरोबर एक छोटी बोट, म्हणजे धोणी, चालते. डाइव्ह तिच्यावरून होतात आणि कॉम्प्रेसर बहुधा तिच्यावरच असतो, म्हणजे तुमच्या झोपेत त्याचा आवाज येत नाही. बोटीवर वीस पाहुणे आणि दिवसाला तीन डाइव्ह धरले तर साठ वेळा सिलिंडर २०० बारपर्यंत भरायचं. फिल्टर वेळेवर बदलायचा, साठलेलं पाणी काढायचं, आणि मुख्य म्हणजे इंजिनाचा धूर हवा ओढणाऱ्या पाइपाकडे जात नाही ना, हे वाऱ्याची दिशा बदलेल तसं बघत राहायचं. धुरातला कार्बन मोनॉक्साइड सिलिंडरमध्ये शिरला तर त्याला वास नसतो, आणि ३० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या चौपट असल्यामुळे त्याची मात्राही तितकीच चढते. नायट्रॉक्स, म्हणजे जास्त ऑक्सिजनची हवा, घेणारे लोक मीटर लावून ऑक्सिजन ३२ टक्के आहे का ते स्वतः मोजतात, सही करतात. साध्या हवेची सही कॉम्प्रेसरवरचा मुलगाच करतो, न लिहिता.

धोणीच्या चालकाचंही तसंच. दोन बेटांमधल्या खिंडीत, ज्याला तिथे 'कंडू' म्हणतात, तुम्ही एका टोकाला उडी मारता आणि करंट नेईल तिथे वर येता. तुम्ही खुणेसाठी वर सोडलेली, लाटांमध्ये उभी राहिलेली नारिंगी नळी दुरून ओळखायची, पंखा माणसांपासून लांब ठेवून धोणी वाऱ्याच्या बाजूने आणायची. मग शिडीवर तुमच्या पाठीवरचं, भरलेलं असताना १७ किलोच्या आसपास जाणारं सिलिंडर कोणीतरी मागून उचलून धरतो, तेव्हा तुम्ही आणि तुमची कंबर वर येते.

आता आकड्याकडे येतो, कारण वाचणाऱ्याला तोच हवा असतो. सफारी बोटींवर साधारण रूढ असलेला हिशेब म्हणजे सफारीच्या दराच्या दहा टक्क्यांच्या आसपास. म्हणजे आठवड्याच्या १५०० डॉलरच्या सफारीला माणशी दीडशे डॉलर. आजच्या भावाने तेरा हजार रुपयांच्या आसपास. हे जास्त वाटत असेल तर शंभरच्या खाली जाऊ नये, असं माझं मत. विमान स्वस्त मिळालं, ऑफर लागली म्हणून टिपही त्या प्रमाणात कमी करणारे लोक असतात. सवलत तुम्हाला मिळाली, सिलिंडर तेवढीच भरावी लागली. दहा टक्के मूळ दरावर धरा. फ्लोरिडा किंवा हवाईच्या दिवसभराच्या बोटींवर चाल वेगळी आहे, तिथे सिलिंडरमागे ५ ते १० डॉलर देतात. जपानमध्ये टिप देऊच नये, समोरचा अवघडतो.

मालदीवच्या बिलात आणखी तीन ओळी असतात आणि त्यांची हमखास गल्लत होते. ग्रीन टॅक्स आणि पर्यटनाचा जीएसटी सरकारचे. सेवाशुल्क असेल तर ते सेवेचं. बोटीचं सेवाशुल्क कर्मचाऱ्यांपर्यंत जातं का, हे बुकिंगच्या वेळी बोटीलाच विचारा, आयोजकाला नव्हे. आणि पॅकेजमध्ये "टिप्ससकट" असेल तर आयोजकाला सांगा की ती रक्कम आमच्या हातात द्या, पेटीत आम्ही टाकू. प्रामाणिक आयोजक लगेच हो म्हणतो. तो भिडेखातर गप्प बसला किंवा "तुम्ही कशाला त्रास घेता" म्हणाला, तर समजायचं ते समजा.

पेटी सर्वांची एकत्र आहे की गाइडची वेगळी, हे पहिल्याच दिवशी बोटीच्या व्यवस्थापकाला विचारायला लाजू नका. एकत्र असेल तर सगळं पेटीत. वेगळी असेल तर मी तरी मोठा वाटा बोटीच्या पेटीत टाकतो. एखाद्याने खास काही केलं असेल, कुणाला कानाच्या दुखण्याने पाण्याखाली गडबडायला झालं आणि त्याने हात धरून वर आणलं, तर त्याला वेगळं द्या, पण बाजूला घेऊन.

नोटा पाच, दहा, वीसच्या, कोऱ्या करकरीत न्या. फाटकी, पेनने लिहिलेली डॉलरची नोट तिथे कोणी घेत नाही. रुपये तर मुळीच नेऊ नका. मालदीवमध्ये डॉलरचा बँकेतला भाव कित्येक वर्षं १५.४२ रुफियावर आहे, पण बँकेत डॉलर सहज मिळत नाहीत आणि बाहेर ते महाग पडतात. त्यामुळे घरी पैसे पाठवणाऱ्या बांगलादेशी किंवा श्रीलंकन माणसाला रोख डॉलरची किंमत तुमच्या-माझ्या अंदाजापेक्षा जास्त असते.

मासे दिसले नाहीत म्हणून हात आखडता घेणारे मी बरेच पाहिले. "मँटा दाखवतो म्हणाला होता, कुठे दाखवला?" हे ऐकलं की मला गाइडपेक्षा माशांची काळजी वाटते. दिसण्यावर टिप ठरली की गाइड कसंही करून दाखवायच्या मागे लागतो. दगडाखालून ऑक्टोपस काडीने ढोसून काढायचा, दक्षिण अरीच्या संरक्षित भागात व्हेल शार्कपासून अंतर ठेवायचा नियम असताना धोणी त्याच्या अंगावर घालायची. आमच्याच एकाने एकदा गाइडच्या हातात आधी नोट सरकवली होती, जरा खोल नेशील का म्हणून. मालदीवमध्ये मनोरंजनाच्या डाइव्हला ३० मीटरची कायदेशीर मर्यादा आहे. गाइडने नोट परत दिली आणि दुसऱ्या दिवशी खिंडीत करंट बघून डाइव्हच रद्द केला. गटात कुरकुर झाली. माझ्या हिशेबाने त्या आठवड्यातली सगळ्यात जास्त टिप त्याच सकाळची होती.

अंदमानात हिशेब छोटा आहे. स्वराजद्वीपला, म्हणजे आपल्या जुन्या हॅवलॉकला, दोन सिलिंडरच्या सकाळच्या फेरीसाठी मी माणशी तीनशे ते पाचशे रुपये बोटीच्या लोकांसाठी देतो. तिथल्या बोटींवर करेन समाजाची बरीच माणसं भेटतात. त्यांच्या आजोबा-पणजोबांना १९२५पासून ब्रह्मदेशातून आणून मध्य अंदमानात वसवलं होतं, आणि समुद्राची त्यांची जाण डाइव्ह शॉपच्या कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा जुनी आहे. चेन्नईहून समुद्राखालची केबल २०२० साली सुरू झाल्यापासून तिथे मोबाइलवरून पैसे देणं सोपं झालं आहे. पण शॉपचा क्यूआर कोड स्कॅन केलात तर पैसे शॉपच्या खात्यात जातात. नाव लिहिलेलं पाकीट बरं.

आणि मालवण. तिथे सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास आपले लोक पहिल्यांदाच पाण्याखाली जातात, पोहताही येत नसताना, सात-आठ मीटरवर. किनाऱ्यावरचा एजंट पैसे घेतो, त्यातलं कमिशन कापतो, आणि पाण्यात तुमचं सिलिंडर धरून सगळा वेळ तुमच्या डोक्यावर तरंगणारा मुलगा असतो मच्छीमाराच्या घरचा. दिवसाला कितीतरी जणांना खाली नेऊन आणतो. पावसाळ्यात हे सगळं बंद. व्हिडिओ काढला म्हणून वरती दोनशे मागितले की आपण घासाघीस करतो. व्हिडिओचे पैसे दुकानाचे असतात, त्याचे नव्हेत. त्याला शंभर-दोनशे द्यायचे असतील तर कपडे बदलायच्या खोलीत शिरण्याआधी, अंग ओलं असतानाच द्या. तुम्ही बाहेर येईपर्यंत तो पुढचं गिऱ्हाईक घेऊन पाण्यात गेलेला असतो. नोट भिजेल म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घालून आधीच नाखव्याकडे ठेवा, आणि कोणासाठी आहे ते त्या मुलाच्या समोरच सांगा.