चिमूटभर आयोडीन आणि सरकारी तिजोरी

एक लहानसे गणित करून पाहू. मोठ्या माणसाला दररोज सुमारे १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. म्हणजे वर्षाला सुमारे ५५ मिलिग्रॅम आणि ७० वर्षांच्या आयुष्यात जेमतेम ४ ग्रॅम. चहाच्या एका चमच्यात मावेल एवढेच! मग त्यासाठी सरकारला दरवर्षी पैसा का खर्च करावा लागतो?

याचे उत्तर मातीत आहे. डोंगराळ भागात पाऊस, बर्फ व पूर यांमुळे जमिनीतील आयोडीन वाहून जाते. तेथे पिकलेल्या धान्यात ते कमीच उतरते. आपल्या गळ्यातील अवटु ग्रंथी आयोडीनपासून थायरॉक्सिन हे संप्रेरक बनवते. आयोडीन अपुरे पडले, की ही ग्रंथी फुगू लागते, हाच गलगंड. गरोदर स्त्रीला ते फारच कमी पडले, तर बाळाच्या मेंदूची वाढ कायमची खुंटू शकते. पोट मात्र भरलेले असते, म्हणून ही उणीव कोणाला जाणवत नाही.

१९५६ मध्ये डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हिमालयातील कांगडा खोऱ्यात एक प्रयोग सुरू केला. सुमारे एक लाख वस्तीचे तीन विभाग पाडले. एका विभागाला पोटॅशियम आयोडाइड मिसळलेले मीठ, दुसऱ्याला पोटॅशियम आयोडेट मिसळलेले, तर तिसऱ्याला साधेच मीठ पुरवले. १९६२ पर्यंत पहिल्या दोन विभागांत गलगंडाचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आले. तिसऱ्यात घट झाली नाही. पुढे तिसऱ्या विभागालाही आयोडीनयुक्त मीठ मिळाले आणि तेथेही रोग ओसरू लागला.

१९६२ मध्येच केंद्र सरकारने राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. पुढे मैदानी प्रदेशांतही ही उणीव आढळली, तेव्हा खाण्याचे सर्वच मीठ आयोडीनयुक्त करण्याचे १९८४ मध्ये ठरले. आयोडीन स्वस्त आहे. खर्च लागतो तो रोगाची पाहणी, मिठाची तपासणी आणि लोकशिक्षण यांवर. शिवाय माती बदलत नाही, म्हणून हे काम थांबवून चालत नाही. २००० मध्ये साध्या खाद्य मिठाच्या विक्रीवरील केंद्राची बंदी उठवली गेली. २००६ मध्ये ती पुन्हा लागू करावी लागली.

आता तुमच्या घरातील मिठाची पिशवी पाहा. ग्राहकाच्या हाती येणाऱ्या एक किलो मिठात किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन असावे, असा नियम आहे. मग १० ग्रॅम मिठातून किती आयोडीन मिळेल? उत्तर काढा आणि लेखाच्या सुरुवातीच्या आकड्याशी ताडून पाहा. नियमातला आकडा कोठून आला, हे तुम्हांला लगेच उमगेल.