‘टेम्पर’ शब्द एक, अर्थ पाच



‘टेम्पर’ म्हटलं की आपल्याला राग आठवतो. पण वर्कशॉपमध्ये, चॉकलेटच्या क्लासमध्ये किंवा काचेच्या कोटेशनमध्ये हाच शब्द आला, की गोंधळ होतो. चला, एकेक अर्थ बघू.

१) पोलाद : लाल तापवून तेलात किंवा पाण्यात बुडवलेलं पोलाद कडक होतं, पण ठिसूळही होतं. म्हणून बऱ्याच हत्यारांचं पोलाद पुन्हा साधारण २०० ते ३०० अंशांपर्यंत तापवतात. थोडा कडकपणा जातो, चिवटपणा येतो. लोहार कोयत्याला ‘पाणी देतो’, ते याच कामातलं.

२) चॉकलेट : डार्क चॉकलेट ४५-५० अंशांवर वितळवायचं, २७-२८ पर्यंत थंड करायचं, परत ३१-३२ वर आणायचं. हे चुकलं तर वर पांढरट थर येतो. चव बिघडलेली नसते, तरी गिऱ्हाईकाला माल जुना वाटतो.

३) काच : ६०० अंशांच्या वर तापवून हवेच्या झोताने झटकन थंड केलेली काच मजबूत होते, फुटलीच तर बारीक, बोथट तुकडे होतात. पण नंतर ती कापता येत नाही. म्हणून दुकानाच्या दाराचं माप आणि भोकांच्या जागा आधीच पक्क्या करा.

४) फोडणी : इंग्रजी रेसिपीत ‘टेम्परिंग’ म्हणजे आपली फोडणी. तेल कमी तापलं तर मोहरी तडतडत नाही, जास्त तापलं तर करपते.

५) स्वभाव : या शब्दाचं मूळ लॅटिन आहे. अर्थ, योग्य प्रमाणात मिसळणं. म्हणजे ‘टेम्पर गेला’ याचा खरा अर्थ ‘प्रमाण सुटलं’!

आता धंद्याचं बोलू. ऑर्डर उशिरा गेली, गिऱ्हाईक फोनवर ओरडतंय. ‘पैसे परत मिळणार नाहीत’ असं तोडून बोललात, तर तुम्ही ठिसूळ. प्रत्येक मागणीला ‘हो साहेब’ म्हणालात, तर मऊ, नफा गेलाच. मधलं उत्तर असं : ‘उशीर झालाय, बरोबर आहे तुमचं. चौकशी करून सहा वाजेपर्यंत फोन करतो.’ आणि सहाच्या आत फोन करायचाच!

जाता जाता : पॅकिंगवरचं सील ‘टॅम्पर-प्रूफ’ असतं, ‘टेम्पर’ नव्हे. टॅम्पर म्हणजे छेडछाड. लेबल छापायला देताना स्पेलिंग तपासा.

या आठवड्याचा गृहपाठ : तुमच्या धंद्यात नेहमी येणाऱ्या तीन तक्रारी लिहा. प्रत्येकीचं मधलं उत्तर डोकं शांत असतानाच तयार करून ठेवा.